डाव्या हाताच्या चार कळा

उद्या कचेरीत किंवा घरी संगणकासमोर बसाल, तेव्हा काम सुरू करण्याआधी क्षणभर कळफलकाच्या सर्वांत खालच्या अक्षरओळीकडे पाहा. डावीकडून पहिल्या चार कळा झेड, एक्स, सी आणि व्ही या आहेत. करंगळीने कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि यांपैकी एकेक दाबायची. झेडने केलेले काम परत फिरते, एक्सने मजकूर कापला जातो, सीने त्याची नक्कल होते आणि व्हीने तो हवा तिथे चिकटतो. बँकेतला कारकून, निकालपत्रके तयार करणाऱ्या शिक्षिका, सोसायटीचा जमाखर्च मांडणारे चिटणीस, लग्नपत्रिका जुळवणारा डीटीपीवाला, सगळ्यांचे हात या चार कळांवर न बघता जातात. आपले नाव लिहिताना आपण जसा अक्षरांचा विचार करत नाही, तसेच हे झाले आहे.

पण विचार करून पाहा. चिकटवणे म्हणजे इंग्रजीत पेस्ट. त्याचे आद्याक्षर पी. मग कळ व्हीची का? परत फिरवणे म्हणजे अनडू, त्याचे आद्याक्षर यू. मग तिथे झेड कसा आला? ही नेमणूक आपोआप झालेली नाही. कुणीतरी बसून, विचार करून, कधी भांडून ती ठरवली आहे.

शॉर्टकट म्हटले की आपल्याला युक्त्यांची यादी आठवते. 'कामाचा वेग वाढवा' असे सांगणारे तक्ते संगणकाच्या क्लासमध्ये भिंतीवर लावलेले असतात. तक्ते उपयोगाचे आहेत, यात शंका नाही. मात्र त्यामागचा इतिहास पाहिला तर वेग हा त्यातला एक भाग दिसतो. खरा प्रश्न निराळा आहे. माणसाचे हात एखादी गोष्ट सावकाश शिकतात आणि एकदा शिकले की सहसा विसरत नाहीत. यंत्रे मात्र भराभर बदलतात. हातांनी कमावलेली विद्या यंत्र बदलल्यावर वाया जाऊ द्यायची की जपायची, हा तो प्रश्न.

सुरुवात टंकलेखन यंत्रापासून करू. अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या ख्रिस्तोफर शोल्स यांनी दोन सहकाऱ्यांसह १८६८ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७३ मध्ये बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि पुढच्या वर्षी यंत्र बाजारात आले. त्या यंत्रावर फक्त मोठी, म्हणजे कॅपिटल, अक्षरे उमटत. छोटी अक्षरे हवीत तर कळा दुप्पट कराव्या लागणार. यावर तोडगा निघाला तो १८७८ च्या 'रेमिंग्टन क्रमांक २' या यंत्रात. प्रत्येक दांडीवर दोन अक्षरे बसवली, एक छोटे आणि एक मोठे. एक जादा कळ दाबली की कागद धरणारा रूळच सरकायचा आणि दांडीवरचे दुसरे अक्षर कागदावर पडायचे. सरकणे म्हणजे शिफ्ट. आज आपल्या कळफलकावर काहीही सरकत नाही, नाव मात्र तेच राहिले आहे.

एका कळेने दुसऱ्या कळेचा अर्थ बदलायचा ही कल्पना इथे रुजली. सगळे शॉर्टकट तिचीच नातवंडे आहेत.

तेव्हा ही कल्पना सर्वांना पटली नव्हती. कॅलिग्राफ नावाच्या यंत्रावर मोठ्या आणि छोट्या अक्षरांच्या कळा वेगवेगळ्या होत्या. जादा कळ दाबण्याची कटकट नाही, म्हणून तेच यंत्र वेगवान, असे त्याचे समर्थक म्हणत. अखेर २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात पैज लागली. एका बाजूला कॅलिग्राफवर लुई ट्रॉब. दुसऱ्या बाजूला रेमिंग्टनवर फ्रँक मॅकगरिन, हे सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयात लघुलेखक होते. मॅकगरिन यांनी संपूर्ण कळफलक पाठ केलेला होता. त्यांची नजर समोरच्या मजकुरावर आणि बोटे आपापल्या जागी. ट्रॉब यांना कळांकडे बघावे लागे. मॅकगरिन सहज जिंकले. कळा कमी असल्या आणि त्यांच्या जोड्या हाताला पाठ असल्या, तर डोळे मोकळे राहतात, हे त्या दिवशी लोकांना दिसले. आपल्याकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कळफलकाकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बोलणी बसत, त्याचे मूळ याच पद्धतीत आहे.

शिफ्टनंतर कंट्रोल. ही कळ आली टेलिप्रिंटरच्या जगातून. टेलिप्रिंटरवर एका गावी टाइप केलेला मजकूर तारेवरून दुसऱ्या गावच्या यंत्रावर उमटत असे. पण नुसती अक्षरे पाठवून भागत नाही. ओळ संपली, रूळ मागे घे, कागद वर सरकव, तिकडच्या माणसाचे लक्ष वेधायला घंटा वाजव, असे हुकूमही त्याच तारेवरून पाठवावे लागतात. अमेरिकेत १९६३ साली आस्की ही संकेतप्रणाली ठरली. तिच्यात १२८ जागा होत्या आणि त्यांतल्या पहिल्या ३२ अशा हुकमांसाठी राखून ठेवल्या गेल्या. हे हुकूम द्यायला वेगळ्या ३२ कळा कशाला? कंट्रोलची कळ दाबून अक्षर दाबले की अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होत. जी या अक्षराचा क्रमांक ७१. त्यातून ६४ गेले, उरले ७. सात क्रमांक म्हणजे घंटा. म्हणून कंट्रोल आणि जी दाबले की दूरच्या शहरात घंटा वाजायची. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटरची घंटा ऐकून धावत गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. कंट्रोल हे नाव त्या दूरच्या यंत्राच्या नियंत्रणाचे आहे.

आता संगणकाकडे येऊ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पडद्यावर मजकूर दुरुस्त करता येऊ लागला, पण तो कसा दुरुस्त करायचा यावर एकमत नव्हते. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी यांनी ब्राव्हो नावाचा कार्यक्रम तयार केला. छापल्यावर मजकूर जसा दिसेल तसाच तो पडद्यावर दिसायचा, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पण ब्राव्होला दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ हुकूम होई. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवायचे.

यावरून एक किस्सा संगणकाच्या जगात नेहमी सांगितला जातो. एखाद्याने आपण मजकूर लिहीत आहोत अशा समजुतीने 'एडिट' हा शब्द टाइप केला आणि यंत्र हुकमाच्या अवस्थेत असले, तर काय होई? ई म्हणजे 'सगळे निवड'. डी म्हणजे 'पुसून टाक'. आय म्हणजे 'आता लिही'. आणि मग टी हे अक्षर. सगळा लेख नाहीसा होऊन पडद्यावर एकटा टी उरायचा. चार कळांत लेखाचे विसर्जन!

याच प्रयोगशाळेत १९७३ साली लॅरी टेस्लर नावाचा तरुण आला होता. अशा अवस्थांवर त्याचा भारी राग होता. पुढे त्याने आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत', अशी अक्षरे घेतली. त्याचे म्हणणे साधे होते. अक्षराची कळ दाबली की नेहमी अक्षरच उमटले पाहिजे. हुकूम द्यायचा तर वेगळी कळ सोबत धरा. आपण चुकलो तर दोष आपला नव्हे, यंत्राची रचना चुकलेली आहे. आज हे उघड वाटते. तेव्हा तज्ज्ञ मंडळींना ते बाळबोध वाटत होते, कारण त्यांना ब्राव्होच्या खाचाखोचा पाठ होत्या.

टेस्लर आणि टिम मॉट यांनी मिळून १९७४-७५ च्या सुमारास जिप्सी नावाचा दुसरा कार्यक्रम तयार केला. तो गिन अँड कंपनी या बोस्टनजवळच्या पाठ्यपुस्तक प्रकाशनासाठी होता आणि हे प्रकाशन झेरॉक्सच्याच मालकीचे होते. तिथले संपादक कसे काम करतात हे मॉट यांनी पाहिले. टाइप केलेल्या कागदावर खुणा करायच्या, कात्रीने परिच्छेद कापायचा, दुसऱ्या जागी गोंदाने चिकटवायचा. टेस्लर यांनी संगणकाची सवय नसलेल्या माणसांना पडद्यासमोर बसवून विचारले की हा शब्द काढायचा असेल तर तुम्ही काय कराल? माणसे कागदावर जे करत तेच सांगू लागली. त्यातून निघाले कट, कॉपी आणि पेस्ट हे हुकूम.

ही कात्री आणि गोंद मराठी वाचकाला परकी नाहीत. ऑफसेट छपाई आल्यावर आपल्या वृत्तपत्रांतही पेस्टिंगचा विभाग होता. फोटोटाइपसेटिंगच्या पट्ट्या कापून, आखलेल्या कागदावर नेमक्या चिकटवून पान लावले जाई. एक ओळ वाढली तर ब्लेडने कापायची, शब्द राहिला तर दुसऱ्या पट्टीतून काढून आणायचा. आज हे काम पडद्यावर होते, पण हुकमांची नावे त्या टेबलावरचीच आहेत.

टेस्लर १९८० मध्ये ॲपल कंपनीत गेले. तिथला लिसा हा संगणक जानेवारी १९८३ मध्ये जाहीर झाला. माऊस, चित्रे आणि मेन्यू घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्यावर या चार कळांच्या जागा ठरल्या आणि त्या ठरवण्यामागची कारणे टेस्लर यांनी पुढे सांगितली आहेत. एक्स म्हणजे फुली. नको असलेल्या मजकुरावर आपण फुली मारतो. सी हे कॉपीचे आद्याक्षर. व्ही हे चिन्ह म्हणजे उलटे काकपद. मुद्रितशोधक राहिलेला शब्द घालायची जागा काकपदाने दाखवतात, तेव्हा 'इथे घाल' असा त्याचा अर्थ. आणि झेड? तो या तिघांच्या शेजारी होता. शिवाय त्याच्या आकारातही त्यांना अर्थ दिसला. वरची रेघ पुढे जाते, मधली मागे येते, खालची पुन्हा पुढे जाते. केले, फिरवले, पुन्हा केले.

अनडूचा हुकूम या ओळीत बसला याचे महत्त्व मोठे आहे. चुकीची भीती ज्याला वाटत नाही तोच माणूस यंत्राशी खेळून शिकतो. कापता येते आणि कापलेले परतही आणता येते हे कळले की नवखा माणूस धीट होतो. टंकलेखन यंत्रावर चूक झाली की खोडरबर, मग पांढरा रंग, नाहीतर नवा कागद. एका कळेच्या जोडीने ती धास्ती संपवली.

पुढच्याच वर्षी, २४ जानेवारी १९८४ रोजी, मॅकिन्टॉश आला. त्याच्या कळफलकावर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे नेणाऱ्या बाणांच्या कळा मुद्दाम दिल्या नव्हत्या. लोकांनी माऊस वापरलाच पाहिजे, हा त्यामागचा हट्ट होता. पण त्याच कळफलकावर कमांड ही कळ होती आणि मेन्यूमधल्या हुकमांसमोर तिच्या जोड्या छापलेल्या होत्या. त्या कळेवर आधी ॲपलचे सफरचंद यायचे होते. आपले बोधचिन्ह पडद्यावर जागोजागी दिसून स्वस्त होईल, असे स्टीव्ह जॉब्स यांना वाटले. मग चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांच्या कोशातून चार कोपऱ्यांना फासे असलेला एक चौकोन शोधून काढला. स्वीडनमध्ये तो प्रेक्षणीय स्थळाची खूण म्हणून वापरतात. आजही ॲपलच्या कळफलकावर तो आहे.

ॲपलमध्ये हे चालले असताना बाकीचे जग काय करत होते? तिथे ज्याचा त्याचा सवता सुभा होता. १९७८ साली वर्डस्टार हा कार्यक्रम आला आणि १९८० च्या दशकात तो जगभर पसरला. आपल्याकडेही संगणकाची ओळख अनेकांना त्याच्यामुळे झाली. त्यात कंट्रोलसोबत ई दाबले की वरची ओळ, एक्स दाबले की खालची, एस म्हणजे डावीकडे, डी म्हणजे उजवीकडे. कळफलकावर या चार कळा चौकटच्या आकारात आहेत आणि डाव्या हाताला ते फार सोयीचे होते. मजकुराचा तुकडा निवडायचा तर कंट्रोल, के, बी आणि कंट्रोल, के, के. वर्डपरफेक्ट या प्रतिस्पर्ध्याची रीत वेगळी होती. त्याचे हुकूम वरच्या एफ कळांवर होते आणि ते लक्षात राहत नाहीत म्हणून कळांभोवती बसवायची एक छापील पट्टी मिळायची.

म्हणजे वर्डस्टारवर पाच वर्षे घासलेला माणूस वर्डपरफेक्टच्या कचेरीत गेला की पुन्हा शिकाऊ उमेदवार. आणि विंडोजवर आला की त्याहून वाईट. वर्डस्टारमध्ये कंट्रोल आणि एक्स म्हणजे खालच्या ओळीवर जाणे, तर विंडोजमध्ये निवडलेला मजकूर कापणे. जुन्या यंत्रावरची सवय नव्या यंत्रावर घात करायची. मॅकगरिन यांना ज्या हातांच्या स्मृतीने जिंकून दिले, तीच स्मृती इथे वैरी झाली. कौशल्य माणसाचे, पण ते चालणार कुठे हे ठरवणार कंपनी. कामाच्या बाजारात याची किंमत कर्मचाऱ्यालाच मोजावी लागते. 'जुन्या लोकांना संगणक जमत नाही' असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा त्या लोकांना एक संगणक उत्तम जमत होता आणि तो काढून घेतला गेला होता. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले की आपण अजूनही जुन्या डॉस संगणकावर वर्डस्टारमध्येच लिहितो. लोक हसले. पण तो विक्षिप्तपणा नसून हातांची कमाई जपणे आहे, असे मला वाटते.

हा गोंधळ आवरण्यासाठी आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये एक नियमावली काढली. सर्व कार्यक्रमांत एफ १ म्हणजे मदत, ऑल्ट आणि एफ ४ म्हणजे खिडकी बंद. त्यांत कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांसाठी शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट अशा जोड्या होत्या. विंडोजने सुरुवातीला त्या घेतल्या. आजही कित्येक ठिकाणी त्या चालतात, करून पाहा. पण पुढे १९९० च्या दशकात विंडोजनेही झेड, एक्स, सी, व्ही यांचा स्वीकार केला आणि मग त्या सर्वत्र झाल्या. एका हाताने, शेजारी शेजारी, बोट फार न ताणता करता येतात. उजवा हात माऊसवर राहू शकतो. त्यामुळे त्या टिकल्या.

एक जोडी मात्र मुद्दाम अवघड केली गेली. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला. तो तयार होत असताना यंत्र वारंवार अडकायचे आणि दरवेळी वीज बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ जायचा. डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने यंत्र झटपट नव्याने सुरू करण्यासाठी कळांची एक जोडणी केली. आधी ती कंट्रोल, ऑल्ट, एस्केप अशी होती. पण या तिन्ही कळा डावीकडे असल्याने चुकून दाबल्या जात. म्हणून एस्केपच्या जागी दूरची डिलीट घेतली. दोन्ही हात लागतील तेव्हाच काम होईल, अशी योजना. हे साधन प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी होते. ते जगातल्या घराघरांत पोचेल असे कुणाला वाटले नव्हते. पुढे विंडोजच्या काही आवृत्त्यांत प्रवेशासाठीही हीच जोडी आली आणि २०१३ साली बिल गेट्स यांनी ती चूक होती असे जाहीर सभेत कबूल केले. शॉर्टकटने नेहमी काम सोपेच करावे असे नाही. काही दारांना कडी उंचावरच लागते, म्हणजे मुलांचा हात पोचत नाही.

आता वेगाचा हिशेब. त्यातही अंदाजावर विसंबायची गरज नाही. पार्कमधलेच स्टुअर्ट कार्ड आणि थॉमस मोरन यांनी ॲलन न्यूएल यांच्यासह १९८० मध्ये मोजमापांवर आधारलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. हात कळफलकावरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद. माऊसने पडद्यावरची जागा गाठायला सरासरी १.१ सेकंद. आता मेन्यू उघडून नक्कल करायची तर हात माऊसवर ०.४, मेन्यू गाठणे १.१, दाबणे ०.२, कॉपी हा शब्द गाठणे १.१, दाबणे ०.२ आणि हात परत ०.४. बेरीज ३.४ सेकंद. दोन कळांनी तेच काम ०.४ सेकंदांत. वाचले तीन सेकंद. दिवसात असे दोनशे वेळा केले तर दहा मिनिटे.

पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. 'आता काय करायचे' हे मनाशी ठरवायला माणसाला सुमारे १.३५ सेकंद लागतात. म्हणजे शॉर्टकट आठवावा लागला, तर वाचलेल्या वेळेतला बराचसा तिथेच गेला. ॲपलमधले ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ साली लिहिले की घड्याळ लावून पाहिले तर माऊसच जलद ठरतो. लोकांना कळा जलद वाटतात, कारण आठवण्यात गेलेला वेळ त्यांना जाणवत नाही. यावर पुष्कळ वाद झाला. मला वाटते दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. आठवून दाबलेला शॉर्टकट महाग पडतो आणि हाताला पाठ झालेला स्वस्त. फरक यंत्रात नाही, सरावात आहे.

हा सराव आपोआप होत नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षानुवर्षे वर्ड वापरणारे अनुभवी लोकही बहुतेक वेळा चित्रांवरच क्लिक करताना आढळले. काम भागते आहे, मग नवे कशाला शिका? माणसाचा हा स्वभावच आहे. यावर उपाय संगणकातच ठेवलेला आहे. मेन्यू उघडला की प्रत्येक हुकमाच्या उजवीकडे त्याची जोडी पुष्कळदा बारीक अक्षरात छापलेली असते. मेन्यू हा मास्तर आहे. रोज लागणारा एक हुकूम निवडा, आठवडाभर तो कळांनीच करा. पहिले दोन दिवस वेळ जास्तच लागेल. शनिवारपर्यंत हात आपण होऊन जाईल. मग दुसरा घ्या. मजकूर जपण्यासाठी कंट्रोल आणि एस, शोधण्यासाठी कंट्रोल आणि एफ, एका खिडकीतून दुसरीत जाण्यासाठी ऑल्ट आणि टॅब. तक्ता पाठ करण्याची गरज नाही.

मराठीत हे सगळे नाट्य आपण पुन्हा पाहिले आहे. भारतीय लिपींसाठी सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक पुढे आणला. त्यात स्वर डावीकडे आणि व्यंजने मुख्यतः उजवीकडे आहेत. त्यातला शिफ्टचा वापर पाहण्यासारखा आहे. के कळेवर क, शिफ्टसह ख. आय कळेवर ग, शिफ्टसह घ. अल्पप्राणाचा महाप्राण करायचा तर शिफ्ट. रेमिंग्टनच्या रुळाला आपल्या वर्णमालेत इतकी चपखल जागा मिळेल, असे शोल्स यांच्या स्वप्नातही आले नसते. पण जुन्या टंकलेखकांचे हात मराठी टाइपरायटरच्या रचनेवर बसलेले होते. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी होती. एका फॉन्टमधला मजकूर कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट केला की त्याचे कडबोळे व्हायचे. कळा दोन्हीकडे त्याच होत्या, हुकूमही चालत होते, पण अक्षरांच्या संकेतांवर एकमत नव्हते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली आणि मग हळूहळू मराठी मजकूर इकडून तिकडे सुखरूप जाऊ लागला. चिकटवायचे तर दोन्ही कागदांना एकच गोंद लागतो.

इनस्क्रिप्टमध्ये या कळांवर काय आहे ठाऊक आहे? एक्सवर अनुस्वार, सीवर म, व्हीवर न. मराठी टंकलेखक अनुस्वाराच्या कळेने कापतो, म ने नक्कल करतो, न ने चिकटवतो. टेस्लर यांच्या फुलीचा आणि काकपदाचा त्याला पत्ता नाही. हाताचे काही अडत नाही.

शेवटी अशा माणसांविषयी, ज्यांच्यासाठी हा विषय दहा मिनिटांच्या बचतीचा नाही. ज्याला दिसत नाही त्याला माऊस निरुपयोगी आहे. पडद्यावरचा बाणच दिसत नसेल तर तो न्यायचा कुठे? अशा माणसासाठी संगणक म्हणजे कळफलक आणि आवाज. पडदा वाचून दाखवणारे जॉज हे साधन १९८९ मध्ये आले. ते घडवणारे टेड हेंटर अपघातात दृष्टी गमावलेले होते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हे मोफत साधन लिहायला घेतले. वेबपान वाचताना एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा, एफ दाबले की अर्जातली पुढची जागा. डोळस माणूस पान नजरेने चाळतो, हे लोक बोटांनी चाळतात. गंमत अशी की टेस्लर ज्यांच्यावर चिडत त्या 'अवस्था' इथे परत आल्या आहेत. वाचताना एच म्हणजे शीर्षक, लिहिताना एच म्हणजे अक्षर. पण अवस्था बदलली की हे साधन आवाजाने तसे सांगते. ब्राव्होची चूक इथे सुधारलेली आहे.

आता असा विचार करा की नोकरीचा अर्ज भरायचे एखादे संकेतस्थळ केवळ माऊसने चालते. 'पाठवा' हे बटण टॅब दाबून येतच नाही. डोळस माणसाला ते कधी कळणारही नाही. अंध उमेदवार सगळा अर्ज भरून शेवटच्या बटणाशी अडतो आणि दुसऱ्याला बोलावतो. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा नियम घातला गेला की पानावरचे प्रत्येक काम कळफलकाने करता आले पाहिजे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असावे, ही जबाबदारी कायद्यात आणली. नियम कागदावर आहे. तो पाळला गेला आहे का हे तपासायला मात्र तज्ज्ञ लागत नाही. माऊस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत दाबत शेवटच्या बटणापर्यंत पोचता येते का ते पाहा. ज्यांच्या हाती संकेतस्थळे बनवणे किंवा बनवून घेणे आहे, त्यांनी ही पाच मिनिटांची परीक्षा जरूर घ्यावी.

लॅरी टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये वारले. त्यांचे नाव बहुतेकांना तेव्हाच प्रथम कळले आणि ती बातमीही लोकांनी एकमेकांना कॉपी-पेस्ट करूनच पाठवली असणार. आपल्या चार कळांची जागा हलली नाही म्हणून १९९० च्या दशकात संगणक शिकलेला कारकून आज नव्या यंत्रावर बसला तरी त्याचा डावा हात बिचकत नाही. उद्या त्या कळांवर बोट जाईल तेव्हा एवढे आठवले तरी पुरे. आणि मग कामाला लागा. चुकलात तर झेड आहेच.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)